शिकणाऱ्याची चूक कोणाच्या खात्यावर?

मोटार वाहन कायद्याचे १९६वे कलम तसे छोटेसेच आहे, पण त्याने वकिलांपेक्षा धर्मचिंतकांना जास्त विचारात पाडायला हवे. विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवली किंवा दुसऱ्याला चालवू दिली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंडाचा आकडा ४,०००. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड १,००० रुपयांपर्यंत होता. या कलमात अपघाताचा उल्लेखच नाही. कोणाला धक्का लागला का, कोणाचे काही मोडले का, गाडी कशी चालवली, यातले काहीही ते विचारत नाही. नाकाबंदीला हवालदाराने पेपर मागितले आणि विमा काढलेलाच नाही असे निघाले, किंवा काढलेला होता पण त्याची मुदत उलटून गेलेली होती, की गुन्हा पुरा झाला. आता अशा गाडीवर कच्चे लायसन्स खिशात घातलेला एखादा मुलगा आहे असे धरा. मामाची स्कूटर घेऊन तो कॉलनीबाहेरच्या रस्त्यावर रमतगमत दोन फेऱ्या मारतो आणि कोणालाही न धडकता घरी येतो. त्याने कोणाचे काय वाईट केले? ज्याचे नुकसान झाले असा एकही माणूस समोर उभा करता येत नाही, तरी राज्यसंस्था त्याला शिक्षा करू पाहते. ही शिक्षा न्याय्य आहे असे माझे मत आहे. मात्र नेहमी दिले जाते त्या कारणासाठी नाही.

नेहमीचे कारण सुरक्षिततेचे. हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल यांच्या रांगेत विमाही उभा केला जातो आणि 'हे सगळे तुमच्याच भल्यासाठी' असे सांगून विषय संपवला जातो. पण विम्याच्या कागदाने ब्रेक लवकर लागत नाही. क्लच सोडताना गाडी बंद पडणाऱ्या मुलाचा पाय तो कागद स्थिर करत नाही. विमा असलेला आणि विमा नसलेला असे दोन शिकाऊ एकाच वळणावर एकाच तऱ्हेने चुकतील. तेव्हा हा नियम अपघात टाळण्याचा नव्हेच. अपघात झालाच तर त्याचा भार कोणी उचलायचा, एवढेच तो ठरवतो. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याच अर्थाने. स्वतःची गाडी, स्वतःचा पत्रा यांचे काय करायचे ते ज्याचे त्याने बघावे. सक्ती आहे ती रस्त्यावरच्या तिसऱ्या, अनोळखी माणसापुरती. ब्रिटनने १९३० साली ही सक्ती आणली, आपल्याकडे ती १९३९ च्या कायद्यात आली आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ पासून. म्हणजे प्रश्न शिस्तीचा नाही, न्यायाचा आहे, आणि शिकाऊ चालकाच्या बाबतीत तो सर्वांत धारदार होतो.

कारण शिकाऊ हा कायद्याने मान्य केलेला अनाडी आहे. एरवी कोणत्याही धोक्याच्या कामात कौशल्य आधी आणि परवाना नंतर. सर्जन पहिली शस्त्रक्रिया करण्याआधी वर्षानुवर्षे शिकलेला असतो, आणि ज्याच्यावर ती होते त्याने संमतीच्या कागदावर सही केलेली असते. रहदारीत गाडी चालवणे मात्र रहदारीतच शिकावे लागते. मैदानावर आठचा आकडा काढता येईल. समोरून एसटी येत असताना, डावीकडून सायकल घुसत असताना काय करायचे हे मैदान शिकवत नाही. म्हणून समाज एक विलक्षण सवलत देतो: सहा महिने तू सार्वजनिक रस्त्यावर अनाडीपणे गाडी चालवू शकतोस. ही सवलत ज्यांच्या जिवावर दिली जाते त्या पादचाऱ्यांना, भाजीच्या गाडीवाल्यांना, शाळेतून घरी चाललेल्या पोरांना कोणी विचारलेले नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम या सवलतीला अटी घालतो. शेजारी पक्के लायसन्स असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. गाडीच्या पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल हवा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. या अटी चूक होण्याची शक्यता कमी करतात. पण शक्यता शून्यावर येत नाही, आणि जी उरते तिच्यासाठी विमा असतो. माझा मुद्दा एवढाच आहे: शिकणाऱ्याला चुकण्याची मुभा मिळते ती उधारीवर, आणि विमा हे त्या उधारीचे तारण. तारण न ठेवता मुभा वापरणे हा स्वतंत्र अन्याय आहे. तो गाडी गल्लीतून बाहेर पडते त्याच क्षणी पूर्ण होतो. पुढे कोणी मेले की जगले याने त्यात भर पडत नाही.

'नुकसान नाही तर अपराध कसला' या शंकेला सर्वांत कठोर उत्तर जैन परंपरेने दिलेले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी प्रमादाची अट घातलेली आहे, म्हणजे बेसावधपणाची. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. जीव मरो वा वाचो, बेफिकीर वागणाऱ्याच्या पदरी हिंसा निश्चितच आहे, आणि काळजीपूर्वक पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव आला तरी केवळ त्या मरणाने त्याला बंध लागत नाही, असा त्यांचा आशय. हा विचार मुनींच्या चालण्याबद्दल आहे, रस्त्याकडे नजर ठेवून पाऊल टाकण्याबद्दल, आणि त्याहून चपखल दृष्टांत मोटारीला मिळायचा नाही. तरी येथे एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. आपला शिकाऊ मुलगा बेफिकीर नसतोच; उलट नवखे जितक्या धास्तीने गाडी चालवतात तितक्या धास्तीने सरावलेले कधीच चालवत नाहीत. दोन्ही हात घट्ट, नजर समोर, प्रत्येक रिक्षाला तीनदा हॉर्न. मग प्रमाद कुठे आहे? तो चालवण्यात नाही, निघण्यात आहे. आपल्याला अजून नीट येत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे, गाडीवर तसे लाल अक्षरात लिहिलेलेही आहे, आणि तरीही चुकलो तर समोरच्याचे काय, या प्रश्नाला उत्तर तयार न ठेवता तो निघाला. मुनीची सावधगिरी पाऊल टाकताना सुरू होत नाही; कुठल्या वेळी, कुठल्या वाटेने जायचे इथपासून ती सुरू होते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच गुंता 'नैतिक नशीब' या नावाने १९७६ साली पुढे आला. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी एकाच परिसंवादात त्यावर लिहिले, आणि दोघांच्याही उदाहरणांत गाडीचा चालक आहे. ब्रेक तपासायचे राहून गेले, अशा दोन चालकांपैकी एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांची हयगय तंतोतंत सारखी, पण एक आयुष्यभराचा अपराधी आणि दुसरा संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. आपले फौजदारी कायदेही या नशिबाला शरण गेलेले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तीच निष्काळजी, पण कोणाला काहीच झाले नाही, तर शिक्षा काही महिन्यांवर येते. मला यात नेहमीच काहीतरी खटकत आले आहे. जे माणसाच्या हाती नाही त्याचे माप त्याच्या पापात का घालावे? म्हणूनच १९६वे कलम मला वेगळे वाटते. त्यात नशिबाला प्रवेशच नाही. विम्याशिवाय निघालेला भाग्यवान आणि विम्याशिवाय निघालेला अभागी, दोघांचा या कलमाखालचा गुन्हा एकच. कर्माचे फळ आपल्या हाती नसते हे वचन आपण सोयीने वापरतो. या कलमाचे म्हणणे असे की फळ हाती नसेल, पण फळ कडू निघाले तर ते दुसऱ्याच्या ताटात पडू नये याची व्यवस्था करणे पूर्णपणे हाती आहे.

हा प्रश्न मोटारीबरोबर आला असेही नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांवर चांगला विस्ताराने विचार आहे. (२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला तोच हा, आणि का जाळला गेला ते सर्वांना ठाऊक आहे, येथे तो प्रमाण म्हणून घेत नाही, जुना पुरावा म्हणून घेतो.) वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली, आस मोडला, चाक निखळले, वाद्या, दोर किंवा लगाम तुटला, अथवा हाकणारा बाजूला होण्यासाठी ओरडत होता, अशा दहा प्रसंगी दंड नाही. बाकीच्या वेळी आहे. आणि मग येतो आपल्या कामाचा भाग. हाकणाऱ्याच्या अनाडीपणामुळे गाडी भलतीकडे वळून इजा झाली तर दंड मालकाला, दोनशे. हाकणारा तरबेज असेल तर दंड हाकणाऱ्याला. आणि हाकणारा अनाडी असेल तर गाडीत बसलेल्या सगळ्यांना शंभर शंभर. या ओळी पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. तरबेज माणूस चुकला तर चूक त्याची. पण नवशिका चुकला तर ज्यांनी त्याच्या हाती कासरे दिले आणि जे खुशाल मागे बसून राहिले ते जबाबदार. कौटिल्यही कंटकशोधनात याच दिशेला जातो. हाकणारा अजाण असेल तर गाडीत बसलेल्या धन्याला दंड, धनी नसेल तर गाडीत जो बसला असेल त्याला. आणि अजाण पोराच्या हाती असलेली किंवा हाकणाऱ्यावाचून सोडलेली गाडी राजाने सरळ जप्त करावी. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेले १९९अ कलम, म्हणजे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, हे कौटिल्याला परके वाटले नसते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी: या जुन्या नियमांत दंड बहुतेक राजाकडे जातो. ज्याचा पाय मोडला त्याच्या घरी चूल कशी पेटायची, हा प्रश्न तिथे ठळक नाही. तो ठळक व्हायला यंत्राचा वेग यावा लागला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७१ साली निकालात काढलेला एक खटला येथे पाहण्यासारखा आहे. एका बाईंना गाडी शिकायची होती आणि त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शिकवायचे कबूल केले, पण आधी त्यांनी एकच गोष्ट विचारली: विमा आहे का, आणि शेजारी बसलेल्या मला काही झाले तर तो लागू होईल का? बाईंनी पॉलिसी दाखवली, तेव्हा शिकवणी सुरू झाली. तिसऱ्या धड्याला डावीकडे वळल्यावर बाईंनी चाक सरळ केलेच नाही. गृहस्थांनी एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवायचा प्रयत्न केला, तरी गाडी फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबावर गेली आणि गृहस्थांची गुडघ्याची वाटी फुटली. बाईंचा बचाव असा की मी शिकाऊ, माझ्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कशी करता? लॉर्ड डेनिंग यांनी तो मान्य केला नाही. शिकाऊ माणूस आपल्या परीने सर्वतोपरी झटत असेल, पण कायद्याला लागणारी सफाई तरबेज चालकाचीच, असा त्यांचा निवाडा. नैतिकदृष्ट्या तिचा दोष नसेल, तरी भरपाईपुरती ती जबाबदार. आणि असे का, याचे कारणही त्यांनी लपवले नाही. रस्त्यावरच्या धोक्याचा भार कोणी उचलावा हा प्रश्न आता दोषावरून सुटत नाही, विमा कोणाकडे आहे यावरून सुटतो, हे त्यांनी उघड सांगितले. शिकाऊला दोषमुक्त मानूनही देणेकरी ठरवता येते, ही त्या निकालातली मोठी गोष्ट. पण ती टिकते एकाच आधारावर: देणे फेडायला कोणीतरी उभे असले पाहिजे. विमा काढून घ्या, की हाच निकाल एक तर निर्दोष शिकाऊला आयुष्यभर कर्जात बुडवतो, नाहीतर जखमी माणसाच्या हाती फक्त हुकूमनाम्याचा कागद ठेवतो.

यावर जो आक्षेप येतो तो धार्मिक मनाला विशेष पटणारा आहे. विमा म्हणजे पैसे भरून पापातून सुटका, असे तो म्हणतो. आपल्या कर्माचे फळ आपणच भोगायचे असते. ते हजारो अनोळखी हप्तेवाल्यांत वाटून टाकणे ही एक पळवाटच, आणि त्यातून बेफिकिरी वाढणार ती वेगळीच. आक्षेपात दम आहे, पण तो दोन निराळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. याज्ञवल्क्यस्मृतीने त्या फार पूर्वी वेगळ्या केल्या आहेत. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, पण बापाला झालेल्या दंडाची बाकी मुलाने देणे लागत नाही. जुगाराचे आणि दारूचे देणेही नाही. तिथेच जामिनाचा विचार आहे. जामीन तीन तऱ्हांचा: माणूस हजर करण्याचा, त्याच्या विश्वासार्हतेची हमी देण्याचा आणि प्रत्यक्ष पैसे भरण्याचा, आणि पैसे भरण्याचा जामीन राहिलेल्याचे बंधन त्याच्या मुलांपर्यंत उतरते, बाकी दोन्ही प्रकारांत उतरत नाही. याचा अर्थ असा की देणे दुसरा फेडू शकतो, शिक्षा दुसरा भोगू शकत नाही, हा विवेक आपल्या परंपरेला परका नव्हता. आजचा विमाही तेवढेच करतो. विमा कंपनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई देते. चालकाच्या बदली ती तुरुंगात जात नाही, त्याचा दंड भरत नाही, त्याचे लायसन्स वाचवत नाही. पाप ज्याचे त्याच्याकडेच राहते. फरक पडतो तो फक्त हात-पाय गमावलेल्याला, आणि त्याने कसलेच कर्म केलेले नसते. तो रस्ता ओलांडत होता. फळ आपणच भोगायचे हा नियम ज्याला खरोखर प्यारा आहे त्याने तर विम्याचा आग्रह धरायला हवा, कारण विमा नसतो तेव्हा फळ भोगतो तो भलताच.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. हप्ता परवडत नाही, म्हणून गरीब माणूस विमा काढत नाही, आणि दंड पुन्हा त्यालाच. आकडे पाहू. १५० सीसीपर्यंतच्या नेहमीच्या स्कूटर-मोटारसायकलीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ७१४ रुपये आहे, कर वेगळा. पेट्रोल परवडते त्याला हे परवडत नाही असे म्हणणे अवघड आहे. शिवाय गरिबीचा युक्तिवाद करणारे समोरच्या माणसाची गरिबी विसरतात. पायी चालणारा बहुधा गाडीवाल्यापेक्षा गरीबच असतो. खरी गफलत दुसऱ्या टोकाला आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीचा हप्ता ३,४१६ रुपये आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड २,०००. ज्याला हिशेब कळतो तो दंडाला शिक्षा न समजता भाडे समजेल, आणि ते स्वस्त पडते असेही त्याला दिसेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, हे चांगलेच झाले. पण शिकायला देतात ती घरातली जुनी गाडी. नवीला ओरखडा यायला नको ना! ती पाच वर्षे उलटून गेलेली, शिकणारा सर्वांत कच्चा, आणि कागद सर्वांत जुना, अशी ही जोडी जमते.

दंडांची चढउतार पाहिली तर कायद्यालाही आपला मुद्दा पुरता उमगलेला नाही असे वाटते. लायसन्सशिवाय गाडी चालवल्यास ५,००० रुपये, विम्याशिवाय २,०००. आता जखमी माणसाच्या जागी उभे राहून बघा. २००४ साली स्वरणसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कच्चे लायसन्स हेही लायसन्सच, शिकाऊ चालवत होता एवढ्यावरून विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत. आणि लायसन्समध्ये खोट निघाली तरी न्यायालय कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. थोडक्यात, विमा असेल तर लायसन्सची उणीव बळीपर्यंत पोचत नाही. विमा नसेल तर मात्र उत्तम लायसन्सवाल्या चालकाने धडक दिली तरी बळीला उरतो तो मालकाच्या खिशाचा आणि घरादाराच्या जप्तीचा लांबलचक पाठलाग. अनोळखी माणसाच्या दृष्टीने मोठा अपराध कोणता ते उघड आहे, आणि दंड नेमका उलटा आहे. आपण अजूनही अनाडीपणाला जास्त शिक्षा करतो, जो शिकाऊला शिकण्यासाठी माफ आहे. आणि बिनतारण निघण्याला कमी, जे कोणालाच माफ नसावे. राज्याने स्वतःच्या सरकारी कामाच्या गाड्यांना या सक्तीतून वगळले आहे, तेही या तर्काला धरूनच आहे: सरकारी तिजोरी पळून जात नाही. मामाची तिजोरी तशी नसते.

उरतो अज्ञानाचा बचाव. विमा संपलाय हे मुलाला माहीतच नव्हते. गाडी मामाची, कागद मामाच्या कपाटात. कायद्याने अशी माफी एकाला दिली आहे: पगारी ड्रायव्हरला. विमा नाही हे त्याला माहीत नसेल आणि संशय घ्यायला कारणही नसेल तर तो दोषी नाही. नोकराने धन्याकडे कागद मागावेत ही अपेक्षा पोटावर पाय आणणारी आहे, म्हणून ही माफी रास्त. भाच्याला ती नाही. मला वाटते तेही बरोबरच आहे, कारण मुभा मागायला तो स्वतः आलेला असतो. गाडी शिकायचा हट्ट त्याचा, आरटीओत परीक्षा देऊन कच्चे लायसन्स काढले ते त्याने, आणि त्या परीक्षेसाठी नियम पाठ केले तेही त्यानेच. रस्त्यावरची खूण वाचायला शिकलेल्याने पॉलिसीवरची तारीख वाचायला शिकू नये असे काही नाही. इंग्लंडातल्या त्या गृहस्थांनी पहिल्या धड्याआधी जो प्रश्न विचारला तो विचारायला पाच मिनिटे पुरतात. तरी भाच्याचा दोष आणि मामाचा दोष सारखा नाही, आणि एकट्या भाच्याची पावती फाडून न्याय झाला असे मानता येत नाही. १९६व्या कलमात 'चालवू दिली' हा शब्दप्रयोग मुद्दाम घातलेला आहे. चाव्या देणारा त्यात येतोच, आणि त्यानेच आधी यायला हवे.

शेजारी बसलेल्याचे काय, हे मात्र अधांतरी आहे. सक्तीच्या विम्याचे १४६वे कलम गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला बांधते, फक्त प्रवासी सोडून. मग शिकवणारा प्रवासी आहे का? तो निवांत मागे बसलेला नाही. नियमानेच त्याला अशा जागी बसवले आहे की गाडी त्याला थांबवता यावी. इंग्लंडच्या त्या न्यायालयाने भरपाई निम्मी केली ती याच विचाराने: गाडी दोघांच्या ताब्यात होती, म्हणून चुकीतही दोघांची वाटणी. मनुस्मृतीतले ते शंभर शंभर मागे बसणाऱ्यांनाही चुकले नव्हते, मग शेजारच्याची गोष्टच सोडा. शिकवणारा हा नवशिक्याच्या अनाडीपणाला रस्त्यावर आणणारा आणि ते जाणून आणणारा माणूस आहे. ज्या गाडीच्या कागदांकडे त्याने पाहिले नाही त्या गाडीत तो निव्वळ प्रवासी ठरू नये, आणि शिकाऊच्या नियमांत आणखी एक ओळ घालून हे स्पष्ट लिहायला अडचण दिसत नाही.